घाऊक हॉप्स घरी साठवायचे तर: व्हॅक्यूम सीलर, बरणी आणि मायलरची पारख

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं, घाऊक आणून साठवायचं ठरवलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, मशीन कोणतं घ्यावं. खरं तर आधी पिशवी ठरवायला हवी. हॉप्ससाठी साधं, हलकं व्हॅक्यूम सीलरसुद्धा पुरतं, पण पिशवी चुकीची असेल तर महागड्या मशीननं मारलेलं सीलही दोन महिन्यांत व्यर्थ जातं. एज सीलर, काचेच्या बरणीचं व्हॅक्यूम झाकण, मायलर पिशवी आणि चेंबर सीलर, या चारही पर्यायांची ही पारख त्याच अंगानं केली आहे.

मुळात गरज का पडते ते पाहू. अर्धा किलोचं किंवा किलोचं पाकीट सुट्या पाकिटांपेक्षा ग्रॅममागे बरंच स्वस्त पडतं. पण २० लिटरच्या बॅचला कडवटपणासाठी २०-३० ग्रॅम आणि ड्राय हॉपिंग (उकळीनंतर, बिअर आंबताना सुगंधासाठी हॉप्स घालणं) करायचं असेल तर आणखी ५०-१०० ग्रॅम, एवढेच लागतात. म्हणजे एक पाकीट पाच-सात वेळा उघडलं जातं, आणि दर वेळी आत ताजी हवा शिरते. कारखान्यातून नायट्रोजन भरून आलेलं न फोडलेलं पाकीट फ्रीझरमध्ये निवांत पडून राहतं. खरी कसोटी लागते ती फोडलेल्या पाकिटाची. शिवाय हॉप्स दळून, दाबून पेलेट म्हणजे गोळ्या तयार करताना ल्युप्युलिनच्या (राळ आणि तेलं साठवणाऱ्या) ग्रंथी फुटलेल्या असतात, त्यामुळे आतली राळ आणि तेलं हवेला उघडीच पडतात.

हॉप्स बिघडतात म्हणजे दोन गोष्टी होतात. अल्फा आम्लं ऑक्सिजनशी संयोग पावून कमी होतात, त्यामुळे उकळीतून मिळणारा कडवटपणा घटतो. दुसरीकडे सुगंधी तेलं उडतात किंवा बदलतात. अल्फाचं नुकसान आकड्यांत मांडता येतं, सुगंधाचं येत नाही, आणि सुगंध अल्फाच्या आधी जातो. म्हणून खालचे आकडे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये.

मार्क गॅरेट्झ यांनी १९९०च्या दशकात मांडलेलं गणित घरच्या वापराला पुरेसं आहे. तापमान १५ अंश सेल्सियसनं उतरलं की अल्फा घटण्याचा वेग निम्मा होतो. उघड्या हवेतला वेग १ धरला, तर हवाबंद पण आत हवा असलेल्या पाकिटात तो ०.७५ आणि व्हॅक्यूम केलेल्या किंवा निष्क्रिय वायू भरलेल्या पाकिटात ०.५ होतो. आता कॅस्केड घ्या. हा वाण टिकायला वाईटच, २० अंशांवर सहा महिन्यांत जवळजवळ निम्मा अल्फा गमावतो. तो वर्षभर खोलीच्या तापमानाला उघडा ठेवला तर सुमारे ७५ टक्के अल्फा जातो. फ्रिजमध्ये ४ अंशांवर साध्या, हवा आरपार जाऊ देणाऱ्या पिशवीत ठेवला तर ४९ टक्के, तोच फ्रिजमध्ये व्हॅक्यूम करून २८ टक्के. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये साध्या पिशवीत २२ टक्के, आणि फ्रीझरमध्ये व्हॅक्यूम करून ११ टक्के.

या आकड्यांत एक गंमत आहे. फ्रीझरमधली साधी पिशवी ही फ्रिजमधल्या व्हॅक्यूम पिशवीपेक्षा सरस ठरते. तेव्हा पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर आधी फ्रीझरमध्ये जागा करावी, सीलर नंतर आणावा. मॅग्नमसारखा टिकाऊ हॉप, जो त्याच सहा महिन्यांत १५-२० टक्केच गमावतो, तो फ्रीझरमध्ये साध्या पिशवीतही वर्षाला सात-आठ टक्क्यांहून जास्त सोडत नाही. फक्त कडवटपणासाठी मॅग्नम वापरणाऱ्यानं सीलर नाही घेतला तरी फार बिघडत नाही. सीलर हवा तो कॅस्केड, कोलंबस असे नाजूक वाण किंवा सुगंधासाठी घेतलेले हॉप्स साठवणाऱ्याला.

एज सीलर

पिशवीचं तोंड मशीनच्या फटीत धरून हवा ओढणारं आणि मग तापलेल्या पट्टीनं सील मारणारं हे नेहमीचं स्वयंपाकघरातलं यंत्र. घरगुती ब्रूअरसाठी, म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यासाठी, पहिली पसंती यालाच.

घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, पल्स (थोडी थोडी हवा ओढायची) किंवा हाताने थांबवायची सोय. पूर्ण स्वयंचलित मशीन शेवटपर्यंत ओढतं, आणि पेलेटच्या टणक कडा पिशवीला आतून टोचून बारीक छिद्र पडतं. पेलेट एकमेकांना चिकटून वीट झाली की थांबायचं, त्यापुढे ओढण्यात फायदा नाही. दुसरी, फक्त सील मारायचं वेगळं बटण. दुहेरी सील मारताना आणि रोलमधून पिशवी बनवताना ते लागतंच. तिसरी, बाहेरून नळी जोडायचं पोर्ट. बरण्यांचं काम त्याच्याशिवाय होत नाही.

आता दोष. हॉप्सची हिरवी-पिवळी धूळ हा या मशीनचा मुख्य शत्रू. हवा ओढली जाते तशी धूळ तोंडाशी येऊन बसते, आणि सील नेमकं तिथेच पडतं. असं सील वरून ठीक दिसतं, पण उजेडाकडे धरलं तर त्यात बारीक ठिपके आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या वाटा दिसतात. त्या वाटांनी आठवड्याभरात हवा आत जाते. उपाय सोपा आहे. पेलेट भरताना पिशवीचं तोंड चार बोटं बाहेर दुमडून ठेवायचं, म्हणजे सीलची जागा धुळीपासून वाचते. पेलेटवर कॉफीचा कागदी फिल्टर किंवा टिश्यूची घडी आडवी ठेवायची. दुमड उलगडल्यावर आतली बाजू कोरड्या टिश्यूनं पुसायची. मग हवा ओढून एक सील, आणि त्याच्यापासून सेंटिमीटरभर वर दुसरं.

सीलचं तापमानही बघावं लागतं. नीट बसलेलं सील पारदर्शक आणि सलग असतं. दुधाळ दिसलं आणि नखानं सुटलं तर पट्टी पुरेशी तापलेली नव्हती. सुरकुतलं आणि कडेला प्लास्टिक पातळ झालं तर पट्टी जास्त तापली. घरगुती मशीनवर चार-पाच पिशव्या एकामागून एक केल्या की हेच होतं. दोन पिशव्यांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं.

पट्टीवरची टेफ्लॉनची फीत राळेनं चिकट होते. पाण्यानं ती निघत नाही, कारण हॉप्सची राळ पाण्यात विरघळत नाही. प्लग काढून, पट्टी गार होऊ देऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसली की लगेच साफ होते. वजनकाटा आणि कात्रीलाही तेच लागू.

आणखी एक, वॉरंटीच्या कागदात ठळक लिहायला हवी अशी बाब. काम झाल्यावर झाकण खटका लावून बंद ठेवू नये. स्पंजाचं गॅस्केट दबून कायमचं चपटं होतं आणि मग मशीन हवा ओढतच राहतं, सीलवर येतच नाही. "मशीन बिघडलं" अशा तक्रारींपैकी बऱ्याच याच कारणानं असतात. गॅस्केट काढून कोमट पाण्यात धुऊन वाळवलं तर कधीकधी परत फुगतं, नाहीतर नवं घालावं लागतं.

पिशवी

एज सीलरला आतून खडबडीत, नक्षीदार पिशवी लागते. गुळगुळीत पिशवीचे दोन्ही पदर चिकटून हवेची वाट बंद होते. नुसत्या पॉलिथिनच्या पिशव्या टाळाव्यात, मग त्या कितीही जाड असोत. पॉलिथिन पाणी अडवतं, ऑक्सिजन नाही. फ्रीझरच्या झिपलॉक पिशव्या याच जातीच्या. आत नायलॉनचा थर असलेली पिशवी घ्यावी, पाकिटावर पीए-पीई असं लिहिलेलं असतं. एकेरी पदर ७० ते ९० मायक्रॉनचा चांगला.

पाकिटावरच्या दाव्यावर विसंबायची गरज नाही, नाकानं तपासता येतं. सील केलेली पिशवी बाहेरून पुसून एका स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. दोन दिवसांनी डबा उघडून वास घ्यायचा. डब्यात हॉप्सचा वास भरला असेल तर तेलं बाहेर येताहेत, आणि ज्या वाटेनं तेलं बाहेर आली त्याच वाटेनं ऑक्सिजन आत जातोय. फ्रीझरमधल्या बर्फाला हॉप्सचा वास यायला लागला तर हीच तपासणी आपोआप झाली असं समजा.

रोल घेतला तर लांबी हातात राहते. एकाच पिशवीतून दोन-तीनदा काढायचं असेल तर दर उघडण्याला तीन सेंटिमीटर जास्त धरून पिशवी लांब कापावी. पण त्यापेक्षा बरं म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं पाकीट वाटून टाकणं. कडवटपणाच्या हॉप्सच्या ३०-३० ग्रॅमच्या आणि ड्राय हॉपिंगच्या ५० किंवा १०० ग्रॅमच्या पिशव्या केल्या की एक पिशवी एकदाच उघडते आणि रिकामी होते. प्लास्टिक जास्त जातं हे खरं.

काचेची बरणी

वाइड माउथ मेसन जारवर (रुंद तोंडाची, पत्र्याची चकती आणि रिंग असं दोन भागी झाकण असलेली काचेची बरणी) टोपीसारखं बसणारं एक जोडसाधन मिळतं. त्याची नळी सीलरच्या पोर्टला लावली की बरणीतली हवा निघते आणि पत्र्याची चकती काचेवर घट्ट बसते. काच ऑक्सिजन अजिबात जाऊ देत नाही, बरणी वर्षानुवर्षं चालते, उघडणं-लावणं सोपं. ऐकायला हाच सर्वोत्तम पर्याय वाटतो. नाही.

कारण साधं आहे. पिशवीतली हवा ओढली की पिशवी आक्रसते, त्यामुळे थोडी हवा राहिली तरी तिला जागाच नसते. बरणी आक्रसत नाही. घरगुती मशीन ६० ते ८० टक्केच हवा काढतं. एक लिटरच्या बरणीत साधारण अर्धा किलो पेलेट मावतात. त्यातले ३०० ग्रॅम वापरून झाले की वर अर्ध्या लिटरहून जास्त मोकळी जागा राहते. ७० टक्के हवा काढली तरी दीडशे-दोनशे मिलिलिटर हवा आत उरते, त्यात ३०-४० मिलिलिटर शुद्ध ऑक्सिजन. जसजसे हॉप्स कमी होतात तसतसा ऑक्सिजन वाढतो आणि तो वाटून घ्यायला हॉप्स कमी उरतात. भरलेली बरणी उत्तम, अर्धी बरणी साध्या पिशवीहून थोडीच बरी.

तोडगा असा, की लहान बरण्या घ्याव्यात, अर्ध्या किंवा पाव लिटरच्या, आणि काठोकाठ भराव्यात. केगिंग करणाऱ्यांकडे, म्हणजे बिअर बाटलीऐवजी पिंपात भरणाऱ्यांकडे, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतोच. बरणीत तो वायू सोडायचा, हवा ओढायची, पुन्हा सोडायचा, पुन्हा ओढायची. एकदा वायू ओतून "तो जड आहे, हवेला ढकलून देईल" यावर भिस्त ठेवू नये, कारण ओततानाच तो हवेत मिसळतो. दोन-तीन फेऱ्या केल्या की खरा फरक पडतो.

चकतीखाली पेलेटवर कॉफी फिल्टर इथेही ठेवावा, नाहीतर धूळ उडून चकतीच्या रबरात बसते. काठ पुसून घ्यावा. आधी वापरलेली चकती, जिच्या रबरावर खोल खाच पडली आहे, ती धरत नाही. सील बसलं का हे बघायला रिंग काढून नुसत्या चकतीला बोटांच्या टोकांनी धरून बरणी किंचित उचलायची. आणि फ्रीझरमध्ये महिना-दोन महिन्यांनी हे परत करून बघावं, कारण थंडीत रबर कडक होऊन सील हळूच सुटतं आणि बाहेरून काही कळत नाही.

चालू वापरातल्या एका-दोन वाणांसाठी बरणी, वर्षभराच्या साठ्यासाठी पिशवी, अशी वाटणी योग्य.

मायलर आणि ऑक्सिजन शोषक

अॅल्युमिनियमचा थर असलेली मायलर पिशवी ऑक्सिजन अडवण्यात नायलॉनच्या पिशवीपेक्षा खूपच पुढे आहे. मोठ्या उत्पादकांची पाकिटं याच जातीची असतात. अडचण एवढीच की ती गुळगुळीत असते, एज सीलरला हवा ओढता येत नाही. तोंडाशी खडबडीत पिशवीची दोन बोटं रुंद पट्टी आत सरकवली की हवेला वाट मिळते. ही युक्ती चालते, पण दर वेळी नाही. पट्टी वाकडी बसली तर सील अर्धवट राहतं. पिशवी जाड असल्यानं सीलचा वेळही वाढवावा लागतो, आणि काही मशीनमध्ये ती सोयच नसते. हाताने दाबायचा इम्पल्स सीलर या कामाला जास्त भरवशाचा.

व्हॅक्यूम न करताही मायलर वापरता येतं, लोहचूर्णाच्या ऑक्सिजन शोषक पुडीसोबत. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे एक लिटर हवेसाठी २१० घनसेंटिमीटर शोषण्याची क्षमता हवी. ३०० ची पुडी पुरते. हाताने दाबून बरीच हवा काढली असेल तर १०० चीही चालते. पुड्यांचं मोठं पाकीट फोडल्यावर त्या लगेच काम सुरू करतात, म्हणून पिशव्या आधी भरून, ओळीनं लावून मग पाकीट फोडावं आणि २० मिनिटांत सगळी सील मारावीत. उरलेल्या पुड्या लहान घट्ट बरणीत. थंडीत लोह गंजण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे पिशव्या सील केल्यावर एक दिवस बाहेरच ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी पिशवी थोडी आत ओढलेली दिसली की पुडी लागू पडली. तेवढ्या एका दिवसात हॉप्सचं काही बिघडत नाही. हाच एक दिवस व्हॅक्यूम पिशव्यांनाही द्यावा. जी सैल पडेल तिचं सील गळतंय, ती परत करायची.

चेंबर सीलर

पूर्ण पिशवीच यंत्राच्या पेटीत ठेवून हवा काढतो, ९९ टक्क्यांच्या वर. गुळगुळीत पिशवी, मायलर, भुकटी, सगळं घेतो आणि धूळ तोंडाकडे फारशी ओढली जात नाही. काम निर्विवाद चांगलं. पण धूड मोठं, वजन बरंच, काहींच्या पंपाचं तेल बदलावं लागतं, आणि फक्त हॉप्ससाठी घेण्याजोगं ते नाही. दोन-चार ब्रूअर मिळून वीस-वीस किलोची खोकी वाटून घेत असतील तर विचार करावा.

फ्रीझरमध्ये आणि फ्रीझरबाहेर

दार सारखं उघडणाऱ्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यापेक्षा आडवा चेस्ट फ्रीझर बरा, तापमान स्थिर राहतं. पिशव्या एका डब्यात उभ्या, लेबल वर करून ठेवल्या तर शोधाशोधीत दार उघडं राहत नाही.

थंडगार पिशवी दमट हवेत उघडली की पेलेटवर दव धरतं. पेलेटमध्ये मुळात ८-१० टक्केच ओलावा असतो. त्यावर पाणी चढलं की ते फुगतात आणि चुरा होतो. सगळी पिशवी लागणार असेल तर प्रश्नच नाही, उघडा आणि टाका. थोडेच काढायचे असतील तर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, अर्ध्या-पाऊण तासात येते, मग वजन करून लगेच सील मारावं.

लेबलवर वाण, पिकाचं वर्ष, अल्फा टक्के, वजन आणि फोडल्याची तारीख हवी. विकत घेतल्याची तारीख लिहून भागत नाही. उत्तर गोलार्धात हॉप्स ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढतात, दक्षिणेत साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, आणि दुकानात आलेला माल आधीच वर्षभर जुना असू शकतो. लेबलवर एचएसआय (हॉप स्टोरेज इंडेक्स) दिला असेल तर तोही उतरवून घ्यावा. २७५ आणि ३२५ नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं हे गुणोत्तर आहे, आकडा जितका मोठा तितका हॉप जास्त ऑक्सिडाइझ झालेला.

वर्षानंतर रेसिपीत वजन बदलावं लागतं. १२ टक्के अल्फाचा हॉप ११ टक्क्यांनी घटला तर १०.७ उरतो. ३० ग्रॅमऐवजी ३४ ग्रॅम घ्यायचे, एवढंच.

जुना हॉप ओळखायला चार पेलेट तळहातावर चुरडून वास घ्यावा. हिरवा रंग तपकिरीकडे झुकला आणि लिंबू-पाइनच्या जागी वाळलं गवत आलं तर सुगंध गेला, पण ६० मिनिटांच्या उकळीत कडवटपणासाठी हॉप चालतो. चीज किंवा घामट मोज्यांचा वास आला तर ती आयसोव्हॅलरिक आम्लाची खूण. बेल्जियममध्ये लँबिक बिअरसाठी मुद्दाम वर्षानुवर्षं जुने केलेले हॉप्स वापरतात, पण ते वेगळं शास्त्र आहे. विसरलेली पिशवी म्हणजे लँबिकचा कच्चा माल नव्हे. ती टाकून द्यावी, आणि घरात कुत्रा असेल तर उघड्या कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये नाही. हॉप्स खाल्ल्यानं कुत्र्याचं शरीर धोकादायक पातळीपर्यंत तापतं, वापरून झालेल्या चोथ्यानंही.